सतरा नळ्या
(बोलोन्या, १७५८ चा हिवाळा)

काचेची नळी, केसाहून थोडी जाड,
स्तनाग्राच्या एका छिद्रात रोवून
प्रोफेसर बेर्ताझोनी श्वास धरून थांबले,
आणि मेलेल्या बाईच्या उजव्या छातीत
पाऱ्याचे झाड हळूहळू वाढत गेले:
खोड आमच्याकडे, फांद्या आत, बरगड्यांकडे.

माझे काम मेणाचे.
पांढरे मेण, थोडी राळ, चरबी,
शिरांसाठी रेशमाचा धागा.
आजवर अकरा डोळे केलेत, एक मूत्रपिंड,
एका वकिलाचा हात.
स्तन पहिलाच.
माझे स्वतःचे, बाळंतपणाला नऊ आठवडे झालेले,
पट्ट्याखाली करकचून बांधले होते.

बाई कालव्याकाठच्या रेशीमगिरणीतली.
आठव्या दिवशी तापाने गेली.
वहीत नाव नाही. सूत कातणारी, वय बावीस.

मोज, ओर्सोला, ते म्हणाले.
मोजल्या. नळ्या सतरा.
पुस्तकात पंधरा आहेत, पंधरा कर.
नळीला फाटे, फाट्यांना फाटे,
टोकाला द्राक्षांचे घोस, पण मणी खसखशीएवढे,
आणि घोसाघोसांमध्ये पिवळी चरबी,
जसे लांबच्या प्रवासाला निघालेले काचसामान
कुणी गवतात रचून ठेवावे.

गर्भाशयातले रक्त एका शिरेने वर चढते
आणि पांढरे होते, असे ते विद्यार्थ्यांना शिकवतात.
ती शीर मी दोन दिवस शोधली,
मेणबत्ती अगदी जवळ धरून.
नव्हती.
बोलले नाही. पगार शनिवारी असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी
खालच्या गल्लीत चेस्टनट विकणारीचे पोर रडले.
माझे नव्हे. माझा व्हिताले घरी, सासूपाशी.
तरी दोन्हीकडे आधी सुया टोचल्या,
मग आत कुणीतरी मूठ आवळली
आणि पान्हा सुटला.
पट्टा भिजला. एक थेंब मेणावर पडला,
मिसळला नाही, गोल राहिला.

ही वाट येते कुठून?
कागदावर रेघ काढून पाहिली:
कान, मान, मग...
पुढे रेघ जाईना.
पहाटे दूध जास्त का येते,
पेत्रोनिओ दारात भांडला त्या रात्री
पोर ओढत राहिले, ओढत राहिले, आणि भरल्या छातीतून
काहीच का सुटले नाही,
यातले काही पाऱ्याला कळत नाही.

त्या बाईच्या डाव्या बाजूला अजून दूध होते.
दाबल्यावर आले, चिकाची पिवळी झाक असलेले.
प्रोफेसरांनी बोळ्याने पुसले.

संध्याकाळी मी टाकलेल्या पोरांच्या घरी गेले.
दारावरच्या सिस्टरने विचारले, तुझे नाते काय?
तिच्या आईला मी आतून ओळखते, म्हटले.
तिने मान वर केली नाही. बोट ओळीवरून फिरवले.
मुलगी. ओठ सुकलेले, तोंडात शेळीच्या दुधाची चिंधी.
आधी तिला धरताच येईना, नुसते टोक चावत होती, कळ मस्तकात.
हनुवटी खाली ओढली, तोंड जांभईइतके उघडेतो थांबले,
मग काळा घेर सगळा आत दिला.
जबडा कानापर्यंत हलू लागला.
घोट. थांबा. घोट.
दुसरी बाजू आपल्याआप ठिबकत होती,
तिच्या पायावर.

आज मेणकाम संपले.
नळ्या सतराच केल्यात.
दोन इतक्या खोल घातल्या की कुणी मोजणार नाही.
स्तनाग्राभोवतीच्या बारीक पुटकुळ्या
सुईने एकेक उठवल्या;
अंधारात बाळाला वासाने वाट कळावी म्हणून असतात त्या,
असे मला वाटते. कुणी विचारलेले नाही.

काचपेटीत छान दिसते. कोरडी.
पाटीवर लॅटिनमध्ये काय लिहायचे ते लिहोत.
मला उशीर होतोय, सहाची घंटा झाली,
दोघेही भुकेले असतील.