जिना झाडण्याची पाळी

कायद्यानं तीन झाडं चालतात आता.
बाल्कनीत, रोझविटाच्या खुर्चीमागे,
टोमॅटोएवढी उंच.
रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात
तेव्हा तेलाचे चार थेंब.
एवढ्यासाठीच सगळं.

पण ऑक्टोबरात छाटणी केली
आणि वास घराबाहेर पडला.
दाराखालून निघाला, जिना उतरला,
प्रत्येक दारावरचं नाव वाचत
प्रत्येक फटीत शिरला.
मी एकतीस वर्षं या गावात टपाल वाटलं,
इतकं चोख मला कधी जमलं नाही.

कायदा झाडं मोजतो.
वास मोजतात शेजारी.
आमच्याकडे जिना झाडायची पाळी असते,
लाकडी पाटी आठवड्यानं पुढच्या दाराला जाते,
आणि समोरच्या फ्राउ ड्रेशरच्या दाराला ती लटकली
की पायऱ्यांचे काठसुद्धा उजळतात.
तिच्या झाडूतून काही सुटत नाही.

मग मी लागलो मागे.
देठ वर्तमानपत्रात गुंडाळले,
आधी दोन पानं, मग चार,
मग शनिवारची अख्खी पुरवणी, मृत्यूच्या जाहिरातींसकट.
वर कॉफीचा चोथा.
कैचीला चिकटलेली राळ स्पिरिटनं पुसली,
हात तेलानं, मग साबणानं, मग पुन्हा तेलानं.
कोळशाच्या गाळणीचा पंखा आणला,
तो असा घरघरतो
की रोझविटा विचारते, आपण कधी उतरणार?

शेवटी फ्रीझर सापडला.
गारठला की वास झोपतो.
वाटाण्यांशेजारी पिशवी, घट्ट गाठ,
आणि तपकिरी डबा गुरुवारी पहाटे रिकामा होतो
म्हणून बुधवारी रात्रीच खाली न्यायची,
चपला हातात, पिशवी कोटात.
‘प्रेत लपवतोयस का रे, लोटार?’
रोझविटा हसली,
हसताना तिचा पाय थरथरला.

त्या बुधवारी
डब्याचं झाकण उघडं होतं
आणि फ्राउ ड्रेशर आत वाकलेली,
गाऊनवर नवऱ्याचा जुना रेनकोट.
माझी वाक्यं पाठ होती:
तीनच झाडं, डॉक्टरांना माहीत आहे, माफ करा.

‘थांबा,’ ती म्हणाली. ‘बोलू नका.’
मी पिशवी छातीशी धरून उभा.
‘चार वर्षं झाली. त्या तापानंतर काहीच नाही.
पाव करपला तरी नाही,
नातीच्या डोक्याचा नाही,
गॅस चालू राहिला एकदा, तोही नाही.
आणि सोमवारपासून जिना झाडतेय
तर मधल्या वळणावर काहीतरी येतं.
काय मेलंय इथं?’

छाटणी, मी म्हटलं.
तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली,
गाठ दातांनी सोडवली.
गारठलेली पानं, त्यांचा वास जेमतेम जागा.
ती बराच वेळ तशीच.
‘भयंकर आहे,’ ती म्हणाली,
आणि पुन्हा नाक घातलं.

पंखा चालूच आहे, घरमालक हेर नोल यांच्यासाठी.
पुरवणी, चोथा, फ्रीझर, सगळं तसंच.
फक्त तिच्या पाळीच्या आठवड्यात
मी पहाटे एक देठ काढतो,
मधल्या वळणावर, हीटरच्या मागे ठेवतो.
कागद नाही, काही नाही.

आठ वाजता झाडू सुरू होतो.
खरखर, खरखर, पायरीगणिक एक.
मी दाराआड, कॉफी हातात.
वळणावर तो थांबतो.
रोझविटा आतून विचारते, आला का आवाज?
अजून नाही, मी म्हणतो.
अजून नाही.