नंतर पाहू

शिखर वर, तोंड माझ्याकडे.
असा धरायचा शंख आणि बघायचं,
तोंड उजवीकडे उघडतं की डावीकडे.
दोनशे बारांपैकी एकशे सत्त्याऐंशी झाले.
सगळे उजवे.

उदगीरच्या कॉलेजात, भूशास्त्राच्या खोलीत
पंखा आहे, रेग्युलेटर नाही.
चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून
इथलाच काळा दगड ठेवलाय त्यांच्यावर.
हा आगीतून आला, थरावर थर,
समुद्राशी याची ओळख नाही.
शंख अरियलूरचे. अठ्ठ्याहत्तरच्या सहलीत
डोईजोडे सरांनी वेचले,
गुंडप्पामामांनी वळकटीत बांधून आणले
तीन गाड्या बदलत.

प्रत्येकाला एक चिठ्ठी होती, जांभळ्या शाईतली.
मग त्र्याण्णवची ती पहाट. कपाट आडवं.
आठ दिवसांनी मामांनी काचा झाडल्या,
शंख भरले डालड्याच्या डब्यात,
चिठ्ठ्या एका जुन्या हजेरीपटात.
तीस वर्षं अंगं एकीकडे, नावं एकीकडे.
आता नॅकची टीम येणार
आणि मी, तासिका तत्त्वावरची,
बसलेय सोयरीक जुळवत.

वेढे मोजायचे: पाच, सात, एकाचे साडेनऊ.
शिवण खोल की नुसती रेघ.
हा बोअरच्या बिटासारखा लांबट,
हा चुंबळीसारखा बसका, मधे बेंबी.
गाठीवाले वेगळ्या ट्रेत.
ओठ जाड आणि आतून दातेरी, तर खिडकीकडे.
तोंडाखाली पन्हाळ असली तर मांस खाणारा असावा,
तोंड गोल असलं तर शेवाळावर जगला असेल,
असं लिहिलं
आणि खोडलं, कारण एक गुळगुळीत, गोल तोंडाचाच
लबाड निघाला:
शेजाऱ्याच्या पाठीत भोक पाडून
आतला जीव खाणाऱ्यांतला.
असावा, असेल.
राहणारा कधीच निघून गेलाय,
मी घराच्या चौकटीवरून आडनाव ठरवतेय.

"काय करूलालाव मॅडम?"
मामा दारात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
तरी चप्पल बाहेर काढतात.
सांगितलं, खुणांवरून नावं लावतेय.
ते स्टुलावर बसले, काठी मांडीवर आडवी.
"ते मला येतंय.
बहिणीच्या गावाला गेलतो तवा. तोंडं वळखू येत नव्हती.
पाटल्या, गोंदण, कुणाच्या पायातली जोडवी.
मी सांगायचो, एकजण वहीत लिहायचा."
पंखा तेवढा फिरत राहिला.
बहिणीचं मी विचारलं नाही.
मग त्यांनीच भोकाचा शंख उचलला, डोळ्याला लावला,
भोकातून माझ्याकडे बघितलं.
"दोऱ्यात ओवायला पाडलंय का?"
"नाही मामा. शेजाऱ्यानं."
"शेजाऱ्यानं!"
खूप वेळ हसले, खोकला येईस्तोवर.

दोनशे तिसरा हातात आला
आणि मला वाटलं मी उलटा धरलाय.
फिरवला. पुन्हा शिखर वर.
तोंड डावीकडे.
वेढे सहा, शिवण खोल, गाठी नाहीत,
सगळं इतरांसारखं, फक्त वळण दुसरं.
उरलेल्या चिठ्ठ्या पसरल्या.
डावा असं कुणावरच नाही.
एकीवर नावही नव्हतं,
जांभळ्या शाईत दोनच शब्द:
नंतर पाहू.

मामांनी ती लांब धरून वाचली.
"सरांचंच अक्षर.
पर ह्येच त्येची, कशावरनं?"

कशावरूनच नाही.
ही शंका सरांना कुठल्याही शंखाची आली असेल,
किंवा त्या दिवशी त्यांना फक्त
उशीर होत असेल.
सरांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मी ट्रेवर पेन्सिलनं आकडा घातला, दोनशे तीन,
पुढची जागा कोरी.
अजून नऊ उरलेत.
मामा उठले, पंखा बंद केला,
म्हणजे दगड उचलता येईल.