दूध ओतणारी

इंगवले सरांनी जुन्या कॅलेंडरातून कापून दिली,
दूध ओतणारी परदेशी बाई,
मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी.

लग्नात ट्रंकेच्या तळाशी बसून आली.
सासूबाईंनी विचारलं, "ह्या कोण गं?"
मी म्हटलं, माहेरच्या.

सुमेधच्या वेळी अंगावर दूध येईना.
तिच्या हातातल्या मातीच्या भांड्याकडं बघत
अकरा रात्री काढल्या.

हे गेले, त्यानंतरच्या सोमवारी
गंगावेशीत म्हशी नेहमीसारख्याच उभ्या.
मी चरवी पुढं केली,
दोघांचंच माप मागितलं.
गवळ्यानं दिलं. बोलला काही नाही.

काल काच बदलून आणली.
नात नाक लावून बघत होती,
"आज्जी, हिचं खालचं भांडं भरत का नाही?"

भरंल की सावकाश.
धार कुठं तुटलीय अजून.