बिल्ला

चार गावांचा एक बिल्ला.
पत्र्याचा, वाटोळा, सुतळीत ओवायला मधोमध छिद्र.
सुट्टे मिळेनात त्या साली काढलेला:
एका बिल्ल्याला एक पायली तांदूळ,
किन्हीत काय, मोहघाटात काय.
ठसा मी मारायचो,
पंक्चरची कामं आटपल्यावर.

नियम ऑइलपेंटनं पाटीवर.
चौथा: ज्याचं कोठार, त्याचा तोटा.
साऱ्यांनी माना डोलावल्या.
तोटा कोणी पाहिला होता तेव्हा?

भादव्यात चिचटोल्याच्या कोठाराला ओल लागली.
साठ पोती. वास आधी कुत्र्यांना कळला,
मग बाजाराला.
गुरुवारी मासळीवालीनं
बिल्ला उलटा करून पाहिला,
"चिचटोल्याचा त नाही ना?"
पण गाव बिल्ल्यावर नव्हतंच.
मीच घातलं नव्हतं.

दुपारी बिल्ल्याला अर्धी पायली,
दिवे लागताना कोणी हातात घेईना.
मोहघाटच्या कोठारापुढे रांग;
घरात तांदूळ होता तेही टोपलं घेऊन उभे.

रात्री समाजमंदिरात बैठक.
मनिराम हटवार म्हणाला,
"आमचे तांदूळ त्याइच्या बुरशीले कायले?"
खोटं नव्हतं. कौलं फेरायचे पैसे
मंडईच्या नाटकात गेले होते,
आणि नाटक आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं.
गिरजाबाई कापगते चिटणीस.
तिनं एक बिल्ला कंदिलापुढे धरला.
"ह्या कोन्त्या गावचा, सांग."
छिद्रातून उजेड मनिरामच्या गालावर.
तो बोलला नाही.

ऑइलपेंट पुसता येईना,
म्हणून चौथ्याखाली बारीक अक्षरात जोडलं:
पण ओल लागली तर चौघांनी भरावं,
आणि भरणाऱ्याचा माणूस
दरसाल येऊन कौलं मोजेल.

सकाळी तिन्ही कोठारांची दारं सताड.
गिरजाबाई पायली घेऊन ओट्यावर:
"आणा किती आणता ते."
पहिल्या वीसेकांनी मापून नेलं.
मग कोणी म्हणालं, उद्या येऊ.
मग रांगच उरली नाही.

मी किती ठसे मारले ते एका वहीत आहे.
कोठारात किती होतं ते दुसऱ्या.
दोन्ही आकडे एका पानावर
मी अजून मांडलेले नाहीत.
गिरजाबाईनंही कधी मागितले नाहीत.

चैत्रात मोहघाटचा माणूस येतो कौलं मोजायला.
चिचटोल्याचा दिवरू उईके
त्याला वर चढताना पाहून बाजूला थुंकतो.
शिडी तोच धरतो.