एक्केचाळीस नंबर

नवी पेठेच्या तोंडाशी, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या पायरीवर
गंगाराम नारायणकर बसतो.
मे महिना, पारा चव्वेचाळीसवर.
डांबर इतकं मऊ की उभं राहिलं तर टाच रुतते
आणि उचलताना चट् म्हणते.

मी पिशवीतून बूट काढले.
तेरा हजारांचे. हे त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, टाच घासते, अंगठ्याशी जरा सैल करून द्या,
उन्हाळ्यात डोंगर चालायचेत.
"ह्या उन्हात?"
इथं नव्हे हो, स्कॉटलंडला. तिथं उन्हाळ्यात पाऊस असतो.
त्यानं ऐरणीवरनं मान वर केली.
"मग त्याला उन्हाळा कशाला म्हणत्यात?"

मोबाइलमधलं वाचून दाखवलं,
मुक्कामाच्या मालकिणीनं कळवलेली वाटेची हालत:
पहिले सहा किलोमीटर वाट म्हणजेच ओढा,
कुठंकुठं गुडघाभर.
पुढं पीट.
"ते काय?"
गवत हजारो वर्षं पाण्यात कुजून झालेली काळी माती,
काठी घातली तर हातभर आत जाते.
"काळी माती," तो म्हणाला,
जणू नात्यातल्या कुणाचं नाव निघालं.

त्याचं आजोळ मंगळवेढ्याकडं.
पावसात ज्वारीच्या रानातून शाळेला जाताना
एकेका पायाला दोन-दोन शेर माती.
वीस पावलं झाली की बाभळीच्या काटकीनं खरवडायची.
वहाणा बगलेत.
"चिखलात वहाण अडकली की बंद तुटायचा,
बंद तुटला की बा मारायचा."

मग बुटात मूठ घातली,
गाईच्या पोटात वासरू चाचपावं तशी.
तळाच्या खाचा नखानं उकरल्या.
"ह्यात पाणी येत न्हाई?"
नाही. गॅरंटी आहे.
"वरनं?"
वरनं म्हणजे?
"ओढा गुडघाभर म्हणलात न्हवं. घोट्यावरनं आत आलं की?"
मी गप्प.
"मग बसलं ते आतच.
पायाला तांब्या बांधून चालल्यागत."

त्यानं आरी उचलली.
आतल्या कडेला, तळव्याच्या जरा वर,
टोक नुसतं टेकवलं. एक. शेजारी आणखी एक.
"दोन भोकं. जास्त न्हाई."
मला तेरा हजार आठवले,
टॉवेलच्या कारखान्यातलं माझं हिशेबाचं टेबल,
पंख्याखाली उडणारी बिलं, त्यांवर ठेवलेला अडकित्ता.

नको, म्हटलं.
तो रागावला नाही. टाचेत चामड्याचा तुकडा बसवला,
लाकडी साचा घालून बूट रात्रभर ठेवून घेतले,
तळावर खडूनं लिहिलं: बोद्दुल, ४१.
साठ रुपये.

जूनची एकोणीस. रात्रीचे नऊ, अजून उजेड.
मी एका ओल्या दगडावर बसून
डाव्या बुटातलं पाणी ओतत होते, चौथ्यांदा.
टाच घासत नव्हती, तेवढं खरं.
सत्तरीची एक बाई
विटलेल्या कापडी बुटांत
फच फच पाणी सोडत
माझ्या बाजूनं चढ चढून गेली.
मोजे पिळून झाले. पाऊस आडवा झाला.

सॅकमधला चाकू काढला. परत ठेवला.
बूट उजेडाकडं धरला.
होते अजून, दोन्ही ठिपके,
आरीच्या टोकाएवढे.