उजवीकडून

जुनापाणीच्या फाट्यावर गाडी लावली.
लॉक लागल्याचा आवाज झाला, त्यानंतर
बराच वेळ फक्त मुरूम बोलत राहिला,
बुटाखाली, कुणी फुटाणे चावावेत तसा.

तितरमारे नेहमी डावीकडून निघायचे.
खनिकर्म खात्यात तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस.
आडनाव असं, पण वाटेत तितर दिसला
की तो पलीकडे जाईपर्यंत श्वास धरून उभे.
"डावीकडून चढ आधी संपतो, उमरेडकर मॅडम,
मग उतारावर बोलता येतं."
बोललो मात्र क्वचितच.
अकरा हिवाळे.

आज मी उजवीकडून निघाले.

लाल माती तीच. सातला भिजवलेल्या काताची,
नऊला भाजलेल्या विटेची.
पळसाला पानं तीनच म्हणतात,
मार्चमध्ये तीनही नव्हती.
कोराडीची धुरांडी, नेहमी पाठीशी असणारी,
आज डोळ्यांसमोर, हटायला तयार नाहीत.

मग ती काळ्या धोंड्यांची वर्तुळं.
कुणी कुणाला पुरलं आणि भोवती दगड मांडले,
इतकं जुनं, की नावं तर जाऊच देत,
ज्या भाषेत ते रडले तीही उरली नाही.
यातल्या एका धोंड्याशी आम्ही पाणी प्यायचो.
ओळखीचा होता, म्हणजे तसं वाटायचं.
आज त्याची दुसरी बाजू आधी आली:
पेराएवढे खळगे, एका रांगेत, सात.
कुणीतरी काहीतरी मोजलेलं.
अकरा वर्षं पाठ टेकून बसलो
याच्याच पलीकडे.
त्यांना माहीत असणार, नकाशेवाला माणूस.
किंवा नसेलही. आता विचारणार कुणाला.

बोट घालून पाहिलं.
सातव्यात एक मुंगी होती, ती बोटावर चढली.

बकऱ्यांमागून एक पोरगी आली.
"मावशी, काही हरवलं का?"
"नाही गं."
"मंग कायले गोल फिरून राहिल्या?
जिथून निघाल्या तिथीच तं येसान."
"हो."
ती हसली नाही. बकऱ्यांकडे पाहिलं,
बहुतेक त्यांचाही हिशोब केला.
मग म्हणाली, "खाली उतरताना जपून जा.
इकडून घसरते."

घसरलेच.
तळहातात मुरूम रुतला, लाल,
रक्त कुठलं आणि माती कुठली
ते पाहायला चष्मा पुसावा लागला.

हा त्यांचा चढ. माझा उतार.
खाली गाडी दिसत होती, काडेपेटीएवढी,
तिच्या टपावर ऊन.
उतारावर बोलता येतं.
"तितरमारे," मी म्हटलं, मोठ्यानं,
आणि पुढचं काही ठरवलेलं नव्हतं.

माझ्या आवाजानं लोखंडीच्या झुडपातून
एक तितर फडफडत उठला,
खाली नाल्यापार गेला.

मी उभी राहिले, उशिरानंच,
श्वास धरून.