शनिवारचं काम

शनिवारी चार वाजता, जालन्याच्या चर्चमध्ये
मी वेदीवरचं वस्त्र बदलते.
आगमनकाळाला जांभळं, नाताळला पांढरं,
लेंटला पुन्हा जांभळं.
तांबडं पेंटेकॉस्टला आणि हुतात्म्यांच्या दिवशी,
म्हणून त्याची घडी अजून कोरी.

हिरवं मात्र विरलंय.
साधे रविवारच फार असतात वर्षात.
बाहेर कुंडलिकेचं पात्र कोरडं, कडुनिंबावर धूळ,
आत हिरवं.

आईनं ते दोनदा रफू केलं.
दुसऱ्यांदा दोरा जुळेना.
सदर बाजारात मिळाला तो
हरभऱ्याच्या घाट्यासारखा फिका.
म्हणाली, देवाला चालतं, पाळकांना दिसत नाही.

ती गेली
त्रैक्यानंतरच्या चौदाव्या आठवड्यात.
दफनविधीला पांढरं, असा नियम.
मी ट्रंकेतून काढून इस्त्रीही केली होती.
बापू म्हणाला, राहू दे तेच.
पाळक सोनकांबळ्यांनी पुस्तक उघडलं,
मिटलं,
मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

उद्या पेंटेकॉस्ट.
तांबडं अंथरलंय, कडा ओढून सरळ केल्यात.
हिरवं सोमवारी लागेल.
त्याआधी धुवायचंय:
थंड पाण्यात, सावलीत,
आणि ती ओरडायची तसं,
पिळायचं नाही गं.